कोजो अजून घरातच आहे

बातमी आली तेव्हा मी भोरच्या कोर्टात, बार रूममध्ये बसून एका पक्षकाराला पुढची तारीख समजावून सांगत होतो. फोन वाजला, परदेशातला लांबलचक नंबर दिसला आणि नेहमीच्या सवयीनं मी, "बोला खासदारसाहेब!" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. पलीकडे कोजो नव्हता, त्याची बायको आमा होती. आमा मुळातच हळू बोलणारी बाई. त्या दिवशी इतकी हळू बोलत होती, की मला व्हरांड्यात जाऊन दुसऱ्या कानावर हात दाबून धरावा लागला. सकाळी कोजो त्याच्या गावच्या कोर्टात गेला होता. एक सुनावणी झाली होती, दुसरी व्हायची होती, आणि मधल्या वेळात तो आपल्या जन्मजात खोडीप्रमाणे व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. चालता चालता भिंतीला टेकला, खाली बसला... आणि उठलाच नाही. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. 'अरे, जरा बूड टेक' म्हणून ज्या माणसाला आम्ही चाळीस वर्षं सांगत होतो, त्यानं बसायला हीच वेळ निवडावी?

पक्षकाराला घरी पाठवलं. काळा कोट अंगात तसाच ठेवून कोर्टातून एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, तिथून परत कोर्टात आलो, पुन्हा स्टँडवर गेलो. ओळखीचे लोक विचारत होते, "वकीलसाहेब, कुणाला सोडायला आलाय का?" मी "व्हय" म्हणत होतो. तेव्हापासून हे असंच चाललं आहे. जेवताना मधेच उठतो, युक्तिवाद करताना वाक्य अर्धं सोडून खिडकीपाशी जातो, गाडी काढून उगाच गावी, किकवीला जाऊन येतो. हा लेखही मी टेबलाशी उभं राहून, चार ओळी लिहून फेरी मारून, परत येऊन असा तुकड्यातुकड्यांनी लिहितो आहे. वाचणाऱ्याला धागा कुठं तुटल्यासारखा वाटला तर तिथं मी अंगणात गेलो होतो असं समजावं.

कोजो कोण हे किकवी आणि भोरच्या बाहेर फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाचा हा उंच, सडपातळ मुलगा शिष्यवृत्तीवर पुण्यात कायदा शिकायला आला आणि वसतिगृहात माझा खोलीसोबती झाला. मी किकवीच्या शेतकऱ्याचा मुलगा. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं, त्याचं फर्डं. माझ्याकडे मराठी, त्याच्याकडे ती शिकायची हौस. शहरात दोघंही बावचळलेले, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नाही. पहिल्याच दिवाळीत मेस बंद झाली, पोरं आपापल्या घरी गेली आणि हा एकटा खोलीत फेऱ्या मारत राहिला. मी त्याला एसटीत घातलं आणि घरी घेऊन आलो. तेव्हा साताऱ्याचा रस्ता अरुंद होता, किकवीला उतरलं की समोरच्या हॉटेलातले सगळे मान वळवून बघायचे. त्या दिवशी तर हॉटेलच बाहेर आलं. कोजोनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि माझ्या कानात विचारलं, "यातले माझे मतदार किती?" निवडणुकीचं वेड त्याच्या डोक्यात तेव्हापासून होतं. मी त्याला खासदार म्हणायला लागलो ते त्याच दिवशी. तो मला वकील म्हणायचा. दोघंही काहीच नव्हतो.

आईनं चहा दिला. कोजोनं कप घेतला, दोन थेंब जमिनीवर सांडले आणि मग ओठाला लावला. आई खेकसली, "आरं, आत्ता सारवलंय की म्या! सांडतुयास काय?" त्याला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मग त्यानं मला सांगितलं आणि मी आईला सांगितलं, की त्याच्या आजीच्या घरी काहीही पिण्याआधी पहिला घोट मातीला द्यायचा, आपल्या आधी गेलेल्यांसाठी. आईनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग आमच्या मामंजींना बी दी म्हणावं थोडा. त्यास्नी च्या लई आवडायचा." आणि त्यानं खरंच आणखी दोन थेंब माझ्या आजोबांच्या नावानं सांडले. त्या दिवसापासून आमच्या घरात चहा पिताना तो दोनदा सांडायचा, आणि आई काही न बोलता फडकं फिरवायची. सोमवारी जन्मलेल्या मुलाला त्यांच्याकडे कोजो म्हणतात हे कळल्यावर तिनं त्याचा कोज्या करून टाकला. मराठी तो तिच्याकडूनच शिकला, त्यामुळे पुण्यात वर्गात प्राध्यापकांपुढे उभा राहून तो "म्या काल आलो न्हाई, सर" असं ठणकावून सांगायचा, आणि सदाशिव पेठेतल्या मुली रुमाल तोंडाला लावायच्या.

कोटाची गोष्ट त्याच सुमाराची. कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा होती, काळा कोट लागणार होता. आमच्या बाबांना कोजोचं भारी कौतुक. ते भोरच्या बाजारात गेले, दुकानदारानं विचारलं किती कापड देऊ, आणि बाबांनी आपलाच हात पुढं करून दाखवला. बाबा चांगले पाच फुटांचे! शिंप्यानं कोजोचं माप घेतल्यावर कपाळाला हात लावला. कोट झाला, पण बाह्या मनगटाच्या चार बोटं अलीकडेच संपल्या. बाबा ओशाळले, तर कोजो म्हणाला, "लई भारी. घड्याळ दिसतंय." त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. तोच कोट घालून तो स्पर्धा जिंकला आणि तोच घालून प्रत्येक सुट्टीत माझ्याबरोबर भोरला, पुढे माझे सीनियर झालेले वकील अण्णा, त्यांच्या ऑफिसात यायला लागला. अण्णा म्हणायचे, "याला कोर्टात मागच्या बाकावर बसवा," पण तो बसेल तर ना! व्हरांड्यात फेऱ्या मारत दारातून ऐकायचा आणि आतला मुद्दा संपायच्या आत त्याचा निकाल लावून मोकळा व्हायचा.

अण्णांकडे वेल्ह्याकडचे, धरणात जमिनी गेलेले लोक यायचे. एकदा त्यातल्या एका आजोबांना कोजोनं विचारलं, "आजोबा, गाव कुठं तुमचं?" आजोबा म्हणाले, "हाय की, त्या पाण्याखाली." असं म्हणून त्यांनी बोट केलं ते ऑफिसच्या भिंतीकडे, पण दिशा मात्र अचूक असावी. कोजोनं त्या दिवशी एकाही मुद्द्याचा निकाल लावला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "मला एखादं धरण दाखव." दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलींवर भाटघरला गेलो. उन्हाळा होता, पाणी ओसरलं होतं आणि एरवी बुडालेल्या जुन्या देवळाचे दगड उघडे पडले होते. तो काठाकाठानं इतका लांब चालत गेला, की मला दिसेनासा झाला. परत आल्यावर सांगितलं: तो रांगत होता तेव्हा त्याच्या आजीचं गाव असंच मोठ्या धरणात गेलं. सरकारनं रांगेत घरं बांधून दिली, पण घरांखालची जमीन नेमकी कुणाची हे लिहून द्यायचं कुणालाच सुचलं नाही. आजी मरेपर्यंत त्या घराच्या उंबऱ्यावर बसून पाण्याकडे बोट करायची. "तुझ्या त्या म्हाताऱ्यानं भिंतीकडे बोट केलं ना," तो म्हणाला, "तसंच." मग एकदम, नेहमीच्या घाईनं, "चल, उशीर झाला." कशाला उशीर झाला होता, ते त्यालाच ठाऊक.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढं त्याच्या राजकारणाचा सगळा रंग त्यातून आला असं तोच म्हणायचा. भोंगवलीचे माझे मामा वारले, त्यांच्या दशक्रियेला आम्ही गेलो. आमच्या भागात दशक्रिया म्हणजे पुढाऱ्यांची हजेरी आणि श्रद्धांजलीची भाषणं हे ठरलेलंच. त्या दिवशी एक स्थानिक पुढारी माईक सोडेनात. मामांबद्दल सुरुवात करून ते रस्त्यांवर आले, रस्त्यांवरून आपल्या उमेदवारीवर. इकडे पिंड मांडलेला, मामी बोटं मोडत बसलेली, वर चिंचेच्या फांदीवर कावळा. कावळा खाली उतरायला बघायचा, की कर्णा किंचाळायचा, की तो पुन्हा वर. शेवटी एक म्हातारी उठून ओरडली, "आदी त्यो भोंगा बंद करा, मंग शिवंल कावळा!" भोंगा बंद झाला आणि कावळा खरोखरच खाली आला. परतीच्या वाटेवर कोजो हसत नव्हता. म्हणाला, "आमच्याकडेही पुढारी मयतीला येतात. दर शनिवारी. आणि त्यांच्याकडेही माईक असतो."

शिक्षण संपलं, तो निघाला. त्याआधी माझं लग्न झालं होतं. हळदीला आईनं आधी मला लावली, मग त्याला पुढं ओढलं. तो म्हणाला, "आई, माझ्या अंगावर दिसायची न्हाई." आईनं त्याचे दोन्ही तळहात उलगडून धरले आणि त्यांवर हळद चोळली. "हितं दिसती का न्हाई?" ते पिवळे तळहात तो दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला. जाताना कोट मात्र त्यानं खुंटीवरच ठेवला. आईला म्हणाला, "म्या परत येनार हाय. तंवर बाही वाढवून ठेवा." आई म्हणाली, "ठिवते."

पुढची कारकीर्द मी फोनवर ऐकली आणि त्यानं पाठवलेल्या फोटोंत पाहिली. तिकडच्या परीक्षा पुन्हा देऊन तो वकील झाला, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घातलेला त्याचा फोटो आला तेव्हा आईनं चष्मा पुसून विचारलं, "ह्येच्या डोक्यावर लोकर का ठिवलीया?" राजधानीत चांगली नोकरी मिळत असताना तो आजीचं गाव बुडवणाऱ्या तलावाकाठच्या लहानशा बाजारगावात जाऊन बसला... बसला म्हणायचं आपलं, होडीतून वस्त्यावस्त्यांना फिरत राहिला. विस्थापितांच्या घरांखालची जमीन मूळ मालकांची, त्यांना मोबदला नाही. घरांत राहणाऱ्यांना कागद नाही. दोन्ही बाजू नाडलेल्या आणि एकमेकांवर उलटलेल्या. कोजो म्हणायचा, मी दोघांचाही वकील आहे, फक्त कोर्टाला ते मान्य नाही. वर्षानुवर्षं लढून त्यातल्या काही वस्त्यांना त्यानं हक्काची जमीन मिळवून दिली. मग लोकांनीच त्याला उभं केलं. पहिल्यांदा पडला. फोनवर म्हणाला, "वकील, पडण्यात एक फायदा आहे, फिरायला वेळ मिळतो." दुसऱ्यांदा निवडून आला आणि पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या संसदेत होता. सभापतींना त्याला सारखं खाली बसायला सांगावं लागायचं. तो बोलायचा थोडं, पण उभ्यानं ऐकायची त्याची खोड काही जाईना. आणि दर शनिवारी मतदारसंघात मयतींना जायचा, तिथं मात्र शेवटच्या रांगेत गप्प बसायचा. माईक पुढं केला तर हात जोडायचा. कार्यकर्ते चिडायचे, मतं जातील म्हणायचे. तो मला सांगायचा, "त्यांना भोंगवलीचा कावळा कसा समजावू?" आमच्यात तो परवलीचा शब्दच झाला. फोनवर त्याचं फार वेळ चाललं, की मी म्हणायचो, खासदार, कावळा थांबलाय.

खासदार असताना एकदाच तो भारतात आला, दिल्लीला कसल्याशा शिष्टमंडळाबरोबर. एक दिवस चोरून किकवीला. गावानं हार आणला, माईक आणला. कोजो माईकपाशी गेला, "म्या हितलाच हाय," एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. टाळ्या किती पडल्या म्हणून सांगू! घरात आल्यावर त्यानं आधी खुंटीवरचा कोट काढला आणि अंगात घालायला लागला. पोट सुटलं होतं, बटण लागेना. बाह्या होत्या तशाच. आई एकदम हळहळली. "बग की, बाही ऱ्हायलीच कोज्या. ह्यांचं आजारपण, मंग ह्ये गेले, मंग कुनाच्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." बाबा गेल्याचं त्याला माहीत होतं, त्यानं चहाचे थेंब सांडले, या वेळी तीनदा. म्हणाला, "ऱ्हाऊ दे आई. पुढच्या टायमाला." पुढची वेळ आली नाही. तलावाकाठच्या त्याच विस्थापितांच्या जमिनी कुण्या कंपनीला द्यायच्या ठरल्या, ठराव त्याच्याच पक्षाचा होता, आणि यानं उभं राहून विरोधात मत दिलं. पुढचं तिकीट गेलं, अपक्ष उभा राहून पडला. मी हळहळलो तर उलट मलाच म्हणाला, "अरे, कोर्ट आहे की. तिथं उभ्यानं बोलायची परवानगी असते." आणि लोकरीचा टोप घालून पुन्हा होडीत बसला. शेवटपर्यंत तिथंच होता.

आता या काही आठवड्यांचं सांगतो. कोजो गेल्याचं आईला सांगितलं त्या संध्याकाळी ती ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत होती. हात थांबले. रडली नाही. विचारलं, "माती दिली का?" इथं माझ्यातला वकील नडला. "न्हाई," असं म्हणून मी तिला सगळं खरं सांगत सुटलो: तिकडे सगळी भावकी देशोदेशीहून जमेपर्यंत माती देत नाहीत, आठवडेच्या आठवडे जातात, तोवर त्याला बर्फासारख्या थंड खोलीत ठेवतात, मग एका शनिवारी मोठा विधी होतो. शेंगांचं सूप बाजूला सारून आई म्हणाली, "म्हंजी अजून घरातच हाय त्यो." आणि तिनं आत जाऊन चुलीशेजारची कढई उलटी करून ठेवली.

आमच्याकडे घरात दुःख असलं की कढई चढत नाही, फोडणी पडत नाही. बिनफोडणीचं खायचं, तळण नाही, गोड नाही. एरवी कुणी बोललं नसतं. पण तीन आठवड्यांवर माझ्या धाकट्या भावाच्या, दत्ताच्या मुलाचं लग्न. नवरी कामथडीची, पत्रिका वाटून झालेल्या, मांडववाल्याला सांगून झालेलं. आणि घरातलं थोरलं माणूस सांगतंय, की मढं घरात असताना हळद लागायची नाही. तिसऱ्या दिवशी दत्ता मला भोरला फोन करून म्हणाला, "दादा, तू यिऊन काय ती समजूत घाल. म्या व्याह्यांना काय सांगू? घानाचा खासदार वारलाय म्हनून लगीन फुडं ढकललं?" मी हसलो, आणि गाडी काढली. किकवीला गेलो. दत्तानं गुरुजींना बोलावलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की रक्ताचं नातं नाही, गोत्र नाही, सुतक लागतच नाही. आई म्हणाली, "तुमच्या पोथीत त्येचं नाव न्हाई, म्हाईत हाय मला. माझ्या घरात हाय." गुरुजी चहा घेऊन निघून गेले.

मग मी माझा युक्तिवाद मांडला. म्हटलं, आई, तो आहे समुद्रापलीकडे, त्याच्या घरी, त्याच्या माणसांत. या घराचा काय संबंध? तिनं खुंटीकडे बोट केलं. कोट. कापडाचा काळा रंग विटून तपकिरीकडे झुकलेला, बाह्या आखूड. मी अंगणात गेलो. गोठ्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. खरी गोष्ट अशी, की मला तिचं पटत होतं. माझंही तेच झालं होतं. आपल्याकडे माणूस जातो, त्याच दिवशी आपण त्याला देऊन येतो, दहावं होतं, तेरावं होतं, रडायला आणि थांबायला जागा ठरलेल्या असतात. इथं तो गेलाय पण गेला नाहीये, रडलो तरी ते पोचत नाही आणि हसलो तर लाज वाटते. पण पोराचं लग्न मोडायची वेळ आली होती. कामथडीहून व्याह्यांचे फोन वाढले होते, "वकीलसाहेब, काय ते एकदा नक्की सांगा." दत्ताच्या मुलानं तर जेवण सोडलं. त्याची काय चूक?

शेवटी मी आमाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. तिच्या दुःखात आमच्या कढईचं रडगाणं. मला वाटलं ती फोन ठेवून देईल. ती म्हणाली, "आईंना द्या." समोरासमोर दिसेल असा फोन लावला, मी मधे दुभाष्या. मग आमा म्हणाली, "आई, तुमचं बरोबर आहे. तो घरातच आहे. आम्हीसुद्धा त्याला घरात काय काय चाललंय ते रोज सांगतो." आईनं मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं. "पण एक राहिलंय," आमा म्हणाली, "आमच्याकडे गेलेल्याला त्याच्या माणसांनी कापड द्यायचं असतं, त्याशिवाय त्याला निघता येत नाही. सगळ्यांची कापडं आली. त्याला दोन आया आहेत असं तो सगळ्यांना सांगायचा. एकीच्या घरचं आलं. तुमचं आलं नाही."

मी भाषांतर केलं आणि आईचा चेहरा उजळला. उजळला हाच शब्द, दुसरा नाही. "आगं, आपल्याकडं बी घालत्यात की कापड! कुनी बोललंच न्हाई मला!" ती उठली, भिंतीला धरत धरत खुंटीपाशी गेली आणि कोट काढून माझ्या हातात दिला. "ह्यो ने. तू सोता घेऊन जा. आन् बाही वाढवून ने. तशीच आखूड ने‌ऊ नको, त्येच्या लोकांत त्येची शोभा व्हईल." मग दत्ताकडे वळून म्हणाली, "कोट भाईर गेला म्हंजी हितनं त्यो निघाला. मंग चढवा कढई." मी म्हटलं, "आई, हा नुसता तांत्रिक मुद्दा झाला." ती म्हणाली, "तू न्हाई व्हय करत कोर्टात?"

दुसऱ्या दिवशी भोरच्या बाजारात गेलो. तो शिंपी केव्हाच वारला, मुलगा दुकान चालवतो. त्यानं कोट उलटापालटा केला, बापाची शिलाई ओळखली, आणि बाह्यांना चार बोटांचं नवं कापड जोडून दिलं, आतून नवं पांढरं अस्तर लावून. जुन्या रंगाचं कापड मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे नवा तुकडा जास्त काळा दिसतो, लांबून पट्टी बांधल्यासारखा. किकवीच्या घरात कढई चढली, लाडवांचा वास रस्त्यापर्यंत गेला. हळदीच्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो. बाही दाखवायला आण असं आईनं बजावलं होतं, पण कोट पुन्हा घरात न्यायची सोय नव्हती, म्हणून मागच्या सीटवरच ठेवला. अंगणात मांडव, बायकांचा गलका, नवरदेवाच्या अंगावर हळद. बाबा गेल्यापासून आई हळदीच्या वेळी मागं, दाराशी उभी राहते. रीतच तशी, तिनं कधी तक्रार केली नाही. गर्दीतून मला एवढंच दिसलं, की ती काठी टेकत गाडीपाशी गेली, दार उघडून वाकली, बराच वेळ वाकलेलीच राहिली. शिलाई बघत असेल म्हटलं. मला मांडवात कुणीतरी हाक मारली.

लग्न झालं. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, दंड अजून ठणकतो आहे. व्हिसा आला. परवा निघायचं, शनिवारी कोजोला माती. तिथं मला बोलायला सांगणार आहेत म्हणे, आणि मी काय करणार हे आमाला आधीच कळवून ठेवलं आहे: शेवटच्या रांगेत बसणार. आज सकाळी बॅग भरताना कोट घडी करायला घेतला. बाही उलटली. आतल्या नव्या पांढऱ्या अस्तरावर, थेट मनगटापाशी, जिथून हात बाहेर येतो तिथं, हळदीची बोटं उमटलेली होती. दोन्ही बाह्यांना. बारीक, थरथरत्या हाताची, एका जागी नीट दाबून धरलेली. तळहातांना लागेल अशा बेतानं.

कोट तसाच हातात धरला, आणि आमाचा फोन आला त्या दिवसापासून पहिल्यांदाच मी नीट बूड टेकून खाली बसलो.